थर्मामीटरचा नवा सेल

शर्टाच्या बटणाएवढा, चपटा, चकचकीत... एवढासा सेल, पण शाळेच्या नर्स सिल्व्हिया सिस्टरांच्या तळहातावर तो धोंड्यासारखा बसला होता. दिवाळीपासून त्या मागत होत्या, आणि आज सकाळी हेडमास्तर शांतवन सरांनी केडगावच्या दुकानातून स्वतः आणून हातावर ठेवला. "घ्या. आता ज्याला ताप नाही त्याने सरळ वर्गात जायचं. तुमच्या खाटेवर पोरांची जत्रा नको." सिस्टर म्हणाल्या, "हो सर." सरांपुढे त्यांच्या तोंडून दुसरं काही निघतच नसे, आणि निघालं नाही म्हणून मग दिवसभर त्या स्वतःवरच चरफडत.

सरांचं चुकत होतं असंही नाही, कारण जत्रा भरत होतीच, आणि ती भरवली कुणी? आपणच... पहिलीतली आराधना एक दिवस वाचनाच्या तासाला पोट धरून आली — बाई एकेकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावायच्या — आणि सिस्टरांनी सवयीने थर्मामीटर तिच्या काखेत दिला, सेल संपून तो बंद आहे हे साफ विसरून. तो काही वाजेना. वेळ मारून न्यायला म्हणून विचारलं, "किती असेल गं?" पोरगी डोळे मिटून म्हणाली, "शंभर. भीती." मग दोघी चहावर फुंकर मारावी तसा लांब लांब श्वास सोडत बसल्या. "आता?" "साठ." आणि साठ म्हटल्यावर ती आपली आपण उठून वर्गात गेली! दुसऱ्या दिवशी दारात ही रांग. "सिस्टर, आमची बी मोजा." एकाची चारशे निघाली म्हणून मागच्याची पाचशे निघाली, आणि तिसरा आपली काहीच निघत नाही म्हणून भोकाड पसरून रडला.

फसवणूकच की ही, नर्सच्या पोशाखात केलेली... पण लहानपणी सोनईच्या शाळेत सुई टोचायला माणसं आली होती तेव्हा सगळे म्हणाले होते, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं — आणि मुंगी चावल्याचा चांगलाच अनुभव असलेली छोटी सिल्व्हिया बाकाखाली शिरली होती, पाय धरून ओढेपर्यंत. दुखलं, ते विसरलं. किती भीती वाटते हे कुणी विचारलं नाही, त्याचा राग मात्र अजून ताजा आहे.

आज वाचनाच्या तासाची घंटा झाली, आणि आराधना आलीच, पोट धरून.

हुकूम तो हुकूम. सिस्टरांनी सेल बसवला. काखेत थर्मामीटर टीं टीं ओरडला तशी पोरगी दचकली. "अठ्ठ्याण्णव," सिस्टरांनी वाचलं. श्वास सोडून झाले, पुन्हा लावला. अठ्ठ्याण्णव. पुन्हा फुंकर, पुन्हा अठ्ठ्याण्णव. आराधनाचा ओठ थरथरू लागला.

"सिस्टर, माजी उतरंना! आता न्हाई का उतरायची कदी?"

सिस्टरांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. नखाने झाकण उघडून त्यांनी सेल बाहेर काढला आणि खिशात टाकला.

"ह्यो बिगडलाय व्हय?"

"हो. नवा आहे ना."

मेलेला थर्मामीटर पुन्हा काखेत गेला. शंभर... ऐंशी... सत्तर. व्हरांड्यात सरांच्या चपला करकरायला लागल्या. ताप आहे का, विचारतील. नाही म्हणावं लागेल. मग ही इथे का, विचारतील. मग?... सिस्टरांचे कान तापून लाल झाले. पोरीने ते पाहिलं. थर्मामीटर काढून तिने त्यांच्यापुढे धरला.

"तुमची किती हाय?"

काही नाही गं, असं अगदी जिभेवर आलं होतं — सोनईच्या त्या माणसांच्याच आवाजात. सिस्टरांनी ते गिळलं आणि थर्मामीटर काखेत धरला.

"नव्वद," त्या म्हणाल्या.

"लई हाय," आराधना गंभीरपणे म्हणाली आणि खाटेवर त्यांना खेटून बसली. "मंग थांबते मी. उतरली की जाते. हलू नगा, पडंल त्यो."

चपला दाराशी थांबल्या. सिस्टरांचा हात सेलसाठी खिशाकडे गेला, आणि तसाच मोकळा परत आला. काख घट्ट आवळून, सरांकडे बघत, त्यांनी लांब फुंकर सोडली. आता पंच्याऐंशी असेल. फार तर अठ्ठ्याऐंशी.