मानसिंगरावांची घोडदौड

"पोरांनो, सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही," करकंबच्या शाळेच्या स्टेजवर मानसिंगराव गरजले, "पण आत्ता स्टँडपासून इथवर त्या घोड्याला नाचवत कुणी आणलं? मी!"

टाळ्या कडाडल्या. टेबलाआड मानसिंगराव मात्र अजून मांड्या चोळत होते.

सोलापुरात नव्या पेठेत राहणारा हा माणूस मिलमध्ये कारकून. दिवसभर हजेरी मांडायची आणि संध्याकाळी जेवणाआधी कागदावर दोन-चार गड जिंकायचे. त्यांच्या पुस्तकांतले बालवीर घोड्यावरच जेवत, घोड्यावरच झोपत. लेखक स्वतः सायकलवरूनही पडायचा. तरी प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं असे, 'लेखक पट्टीचे घोडेस्वार आहेत.'

"अहो, घोडा कधी जवळनं बघितलाय का?" बायको, वच्छलाबाई, विचारायच्या.

"टांग्यात बसल्यावर बघतोच की!"

"व्हय, मागनं!"

पोरं मात्र त्या ओळीवर जीव टाकत. ती खोटी ठरली तर आपले गड, बुरूज, बालवीर सगळे धडाधड कोसळतील, एवढी एकच धास्ती मानसिंगरावांना होती.

दुष्काळ सरला त्या साली करकंबच्या शाळेनं त्यांना स्नेहसंमेलनाला बोलावलं आणि स्वागताला एस्टी स्टँडवर साक्षात घोडाच उभा केला. नाही म्हणायची सोय नव्हती. घोडेवाल्या येडूनं त्यांना पोत्यासारखं वर टाकलं. घोडा वरातीतला. हलगी कडाडली तसा तो नाचायला लागला. मारुतीच्या देवळापुढं नवरदेव पाया पडतो, तिथं सवयीनं थांबला आणि नारळ फुटेपर्यंत हलेना. शेवटी हेडमास्तरांनी सत्काराचा नारळ फोडला, तेव्हा स्वारी पुढं निघाली.

"मारुतीरायाला मुजरा करायला मीच थांबवला त्याला!" स्टेजवर मानसिंगरावांना आता चेव आला होता. "लगाम असा खेचला, टाच अशी मारली—"

पहिल्या रांगेत येडूची पोरगी मायाक्का उभी राहिली.

"गुर्जी, खोटं! घोडा आमचा हाय. माझ्या मामाच्या वरातीत बी असाच नाचला, तितंच थांबला. तुमी लगाम धरलाच न्हाय, मानेला मिठी मारली व्हती. डोळं बी मिटलं व्हतं!"

हेडमास्तर छडी शोधू लागले. मानसिंगरावांनी टेबलाची कड घट्ट धरली.

मायाक्का खाली बसता बसता म्हणाली, "पर मामा घोड्यावर भ्यानं लई रडला व्हता. तुमी न्हाय रडलासा."