वहाबचा नारळ

अंगठ्याखाली काहीतरी ओलं लागलं — सोललेल्या नारळाच्या डोळ्यापासून खाली केसाएवढी चीर गेली होती, आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. वहाबने अंगठा जिभेला लावला. गोड. म्हणजे चीर आजचीच, कुणीतरी दगडावर बेतानं ठोकून पाडलेली.

समोर रेवदंड्याचं अख्खं बंदर उभं होतं. नारळी पौर्णिमेला पाटलाचा नारळ समुद्राला जायचा आणि दुसरा वहाबने बुक्कीनं फोडायचा, मगच होड्या लोटायच्या — चोवीस साली मुंबईत मुष्टियुद्धात एका आडदांड गोऱ्या खलाशाला आडवा करून तो परतला, तेव्हापासूनचा हा रिवाज. नमाजी माणसानं यात पडावं का, असं मशिदीत एकदोघांनी विचारलंही होतं. पण बघायला पुढं जागा धरायची घाई त्यांनाच जास्त! हेवीवेट म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी पेपरातला त्याचा फोटो घरोघरी खळीनं भिंतीला चिकटवलेला.

त्याला झाली बारा वर्षं. नंतरच्या तीन लढती तो हरला, त्यांची चौकशी इथं कुणी केली नाही. हल्ली सकाळी चहाचा कप धरतानाही उजवा हात थरथरतो... बायको, कुलसुम, आज म्हणालीच होती, "हात सुजलाय तुमचा. सांगा त्यांना, यंदा न्हाय जमायचा." सांगू? मी? ज्या हातामुळे हे गाव मला ओळखतं, तो हात गेला म्हणून सांगू?

त्याने मान वर केली. भागोजी पाटील उगाच होडीच्या दोराशी चाळा करत होता.

"भागोजी, नारळ कुनी निवडला?"

"मीच. बेस हाय की."

"यंदाच निवडलास?"

भागोजीचा चेहरा उतरला. "मार ना, वहाबभाय," तो हळूच म्हणाला. "मानसा वाट बगतान."

यंदाच, की गेल्या वर्षीही — गेल्या वर्षी एका ठोशात दोन शकलं झाली तेव्हा आठ दिवस तो छाती काढून फिरला होता, कुलसुमला मूठ दाखवून म्हणाला होता, बघ, अजून आहे! तेही...? आणि त्याच्या आधी? त्याला संताप आला. हा नारळ फेकून द्यावा, ढिगातला अख्खा उचलावा — आणि नाही फुटला तर? बारा वर्षं पाण्यात, वर कोळ्यांच्या मोसमाला अपशकुन.

नुसत्या टिचकीनं काम झालं असतं. पण त्याने टाचेपासून बळ गोळा केलं आणि असा ठोसा हाणला की कळ कोपरापर्यंत गेली. ताकदीनं फुटला की चिरेनं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

सगळं बंदर ओरडत होतं. त्या गोंगाटात उभं असताना त्याच्या लक्षात आलं, की आरोळी मूठ खाली यायच्या आधीच उठली होती — म्हणजे फुटणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. भागोजीने त्याचा हात उंच धरला, सुजलेल्या बोटांना न लागेल असा, मनगटाशी. वहाबला लाज वाटत होती, फार वाटत होती, आणि तरी हात खाली घ्यावासा वाटत नव्हता. पुढल्या वर्षी अख्खा नारळ मागून घ्यायचा, असं त्याने मनाशी ठरवलं. आपण मागणार नाही हेही त्याला तेव्हाच कळलं, आणि त्याचं त्याला वाईट वाटेना.