तळाची वाटी

बायको गेल्याचा फोन थोरल्याला आला, तेव्हा त्याचा ट्रक चढावर बंद पडलेला होता. डिझेल पाव टाकी होतं, पण चढावर ते मागे सरकलं आणि पुढची नळी नुसती हवा ओढत राहिली. तिची तब्येत बिघडल्याचं कळताच धाकटा भाऊही आपला ट्रक घेऊन निघाला होता. त्याच्या टाकीच्या तळाला वाटी बसवलेली होती, चढावरही तिच्यात डिझेल साठून राही. तो वेळेत पोचला. वहिनीने शेवटचं पाणी त्याच्या हातून घेतलं. तेव्हापासून धाकट्याचे हात दिसले की थोरला तोंड फिरवी.

पुढे गॅरेजमध्ये मिस्त्रीने थोरल्याची टाकी उतरवली.

"बोला ड्रायव्हरसाहेब, तळाला भोक पाडून वाटी लावू, की वरून मागच्या तळापर्यंत लांब नळी सोडू? वाटी शेवटच्या थेंबापर्यंत ओढते. पण खाली लोंबते, दगड लागला की बोंबला."

"दादा, वाटीच लावून घे," सोबत आलेला धाकटा म्हणाला. "माझी कधी दगा देत नाही."

"तुझं काय बाबा, तू सगळीकडे वेळेवर पोचतोस."

धाकट्याने मान खाली घातली. "दादा, वहिनी जाताना तुझ्यासाठी..."

"नळी लाव," थोरला मिस्त्रीला म्हणाला.

वाटी चांगली हे त्यालाही कळत होतं. पण धाकट्याकडे होतं तेच आपण मागायचं, हे त्याच्या जिवावर आलं.

नळी बसली. चढावर ट्रक आता बंद पडत नाही. वहिनी काय म्हणाली, हे मात्र थोरल्याने धाकट्याला अजून विचारलेलं नाही.