थोरलीचा चेहरा

मालिका अशी अर्धवट संपली हे कळलं, तो मंगळवार होता. मी दुकानात इस्त्री करत होतो. शेवटच्या भागात घर सोडून गेलेली धाकटी बहीण परत आली, तिने बेल वाजवली, थोरलीने दार उघडलं. थोरलीची नुसती पाठ दिसत होती. तेवढ्यात नावं वर सरकायला लागली आणि प्रेक्षकांचे आभार मानून ती मंडळी मोकळी झाली.

आमचं शिलाईचं दुकान. काज-बटणं बायको करायची. तिची नजर सुईवर, म्हणून मालिका ती फक्त ऐकायची. टीव्ही माझ्यासमोर. कोण कसं तोंड करतंय ते मी सांगायचं, अशी आमची वाटणी. "डोळे वटारले." "आता तोंड पाडलं." ती गेली तरी माझी सवय गेली नाही. रिकाम्या खुर्चीला सांगत राहिलो. थोरली माफ करणार, असं ती छातीठोकपणे म्हणायची. मी म्हणायचो, शक्यच नाही. कोणाचं खरं झालं, एवढं मला तिला सांगायचं होतं. आता काय सांगू?

दुसऱ्या दिवशी मेहुणी तणतणत आली. "भावजी, बघितलंत? तोंडाला पानं पुसली मेल्यांनी!" बोलता बोलता ती त्याच खुर्चीत बसली. मी तिथे कोणाला बसू देत नव्हतो. तिला मात्र बसू दिलं. पुढ्यातला सदरा ओढून ती बटण लावायला लागली.

"ताईला सांगायचात तसं मला सांगा. थोरलीचं तोंड कसं होतं?"

"दाखवलंच कुठे?"

"ते मलाही माहीत आहे. तुम्ही सांगा."

मी इस्त्री उभी केली. "ओठ घट्ट दाबलेत," म्हणालो. "डोळे भरलेत. पण राग आहे अजून."

"मग दार लावलं?"

"नाही. बाजूला झाली."

"म्हणजे ताई जिंकली!"

"अर्धीच. आत ये म्हणाली नाही."

"हरायचं म्हटलं की तुमच्या जिवावर येतं, भावजी," असं म्हणून तिने दाताने दोरा तोडला. कितीतरी दिवसांनी दुकानात मी मोठ्याने हसलो.

आता ती अधूनमधून येते. आम्ही थोडं थोडं पुढे जातो. थोरलीने बॅग आत घेतली, पाणी दिलं, इथवर आलोय. माफ केलं, असं ती अजून म्हणालेली नाही.