मुलाखतीतली दुसरी मुलगी

दिपिकाला तिसऱ्या गोदामानेही बोलता बोलता मध्येच थांबवून नको म्हटलं, आणि कारणही पुन्हा तेच दिलं: कम्युनिकेशन कमी पडतं. आता ही दिपिका म्हणजे कोण, तर गावात पाणी सोडणारा माणूससुद्धा जिच्या तोंडी लागायला कचरतो ती. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर येणारी, अख्ख्या आळीची भांडणं सोडवणारी मुलगी. तिचं म्हणे कम्युनिकेशन कमी पडतं! बरं, ते गोदाम उभं आहे तिथे पूर्वी तिच्या आजोबांचं मिठागर होतं. पण असलं काही मुलाखतीत सांगायचं नसतं.

दिपिकाने अर्ज करणंच सोडलं. "आपली भाषाच तशी हाय, जाऊंदे," एवढं म्हणून ती गप्प बसली. ती गप्प बसलेली पाहून तिच्या मोठ्या बहिणीला, स्नेहलला राहवेना.

स्नेहल पनवेलच्या कॉलेजात मानसशास्त्रात एम.ए. करत होती. नोकरीवर माणसं कशी निवडतात, त्यात डावं-उजवं कुठे होतं, हा तिचा अभ्यासाचा विषय. तिने आणि तिची वर्गातली जोडीदारीण शाजिया हिने मिळून एक प्रयोग ठरवला. मुलाखतीतला एकच प्रश्न घ्यायचा: ट्रक अडकून पडलाय, ड्रायव्हर भडकलाय, तुम्ही काउंटरवर आहात, काय कराल? त्याचं एकच उत्तर एकाच मुलीच्या आवाजात दोनदा रेकॉर्ड करायचं, एकदा शहरी मराठीत आणि एकदा गावच्या बोलीत. मग गोदामांत मुलाखती घेणाऱ्या साहेबलोकांपैकी अर्ध्यांना एक ऐकवायचं, अर्ध्यांना दुसरं, आणि गुण द्यायला सांगायचे. उत्तर तेच, आवाज तोच. गुणांत फरक पडला, तर तो निव्वळ बोलीमुळे.

"आवाज तुझाच घेऊ," शाजिया म्हणाली.

"मला कुठे येते गावची भाषा!" स्नेहल पटकन बोलून गेली.

हे धडधडीत खोटं होतं. पण कॉलेजात पहिल्या दिवशी कुणीतरी तिच्या 'नाय'ला हसलं होतं, आणि तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. वर्गात तिचं मराठी इस्त्री केल्यासारखं असायचं. घरून आईचा फोन आला की ती उठून जिन्याखाली जायची आणि बोलून झालं की पुन्हा शहरी होऊन वर यायची. शाजियाने नुसती भुवई उचलली आणि म्हणाली, "जमेल तशी बोल, यार."

स्नेहल जमेल तशी बोलली. मग दोघी कळंबोलीतली गोदामं आणि ट्रान्सपोर्टची ऑफिसं पालथी घालून आल्या. गावच्या आवाजाला इतके कमी गुण पडले होते की ते पाहून स्नेहल अक्षरशः नाचली. बोलीवर एवढा अन्याय होतो हे पाहून नाचणारी ती पहिलीच असावी! पण तिच्या मनात एकच गोष्ट होती: दिपिकाची काही चूक नव्हती आणि आता त्याचा पुरावा हातात आला होता. त्यातून कळंबोलीतल्या एका मालवाहतूक कंपनीचे मालक उदयसिंह यांनी शब्द दिला होता, "फरक आहे हे मला दाखवून द्या, पुढची भरती तुम्ही सांगाल तशी घेतो." आता फक्त जाऊन दाखवायचं बाकी होतं.

शाजिया मात्र त्या दिवसापासून नाराज दिसत होती. शेवटी कँटीनमध्ये तिने स्नेहलच्या कानाला हेडफोन लावला आणि गावच्या बोलीतलं रेकॉर्डिंग चालू केलं.

"तू जिन्याखाली आईशी अशी बोलतेस?" तिने विचारलं.

स्नेहलने हेडफोन ओढून काढला. "तुला माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून. अगं, वरच्या पायऱ्यांवर सगळं ऐकू येतं. तिथे तू आईला दटावतेस, गावच्या दुकानदाराला फोनवर झापतेस, एकदम ठणठणीत. मला इतकं आवडतं ऐकायला, अल्ला कसम. आणि ही कोण आहे?"

स्नेहलने पुन्हा ऐकलं, आता लक्ष देऊन. रेकॉर्डिंगमधली मुलगी प्रत्येक 'हाय' लांबवत होती, वाक्यावाक्याला फिदीफिदी हसत होती. गॅदरिंगच्या नाटुकल्यात मोलकरणीचं काम करणारी मुलगी बोलते ना, तशी. ही आपली स्वतःची भाषा आहे असं चुकूनही कुणाला वाटू नये, म्हणून स्नेहलने तिची नक्कल केली होती.

"त्यांनी गुण बोलीला दिलेच नाहीत," शाजिया हळूच म्हणाली. "नकलेला दिलेत."

"आता सांगतेस? सगळं झाल्यावर? हे कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही. फक्त आपल्या दोघींना."

स्नेहल तिथेच रडली. मेहनतीवर पाणी पडलं याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी होती ती लाज. दिपिकाच्या भाषेला हसणाऱ्यांना शोधायला ती घराबाहेर पडली होती आणि पहिली सापडली ती स्वतःच. आणि भीती तर वेगळीच. नव्याने केलं आणि फरक निघालाच नाही तर? मग घरी कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाई गं, भाषेचा काही दोष नाही, तूच कमी पडलीस?

तरीही दोघी त्यांच्या मार्गदर्शक सुमती मॅडमकडे गेल्या आणि खरं काय ते सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. "टाकून द्या ते सगळं," त्या म्हणाल्या. "पुन्हा करा. आणि या वेळी काही लोकांकडून नुसते गुण मागू नका. त्यांना कामाचं विचारा: मुलीने आधी काय केलं, गेटवर फोन केला का, ड्रायव्हरला खरं सांगितलं का. गुण त्यानंतर द्यायला लावा."

नवं रेकॉर्डिंग जिन्याखालीच झालं. शाजिया ड्रायव्हर झाली आणि असल्या शिव्या घालू लागली की शिपाई धावत आला. स्नेहलने आईशी बोलावं तसं तिला सुनावलं, "ओ दादा, आदी बसा, पानी प्या. मी गेटवर फोन करून गारीचा नंबर सांगते. माल उतराला टाइम लागंल, तुमाला खोटा कशाला सांगू?" मग हेच सगळं, त्याच तोऱ्यात, शहरी मराठीत. दोन्ही वेळा तिचा आवाज तिचाच होता.

कळंबोलीतली माणसं वापरून झाली होती, म्हणून या खेपेला शाजियाच्या स्कूटरवरून उरण रस्त्यावरची गोदामं धरली. कंटेनरच्या रांगांमधून धूळ खात, कुठे चहा पीत, कुठे "उद्या या" ऐकत दोघींनी ते पुरं केलं. आकडे निघाले तेव्हा स्नेहलचा जीव भांड्यात पडला. फरक पहिल्याइतका नव्हता, पण होता, आणि चांगला चिवट होता. ज्यांना आधी कामाचं विचारलं होतं, त्यांच्या गुणांत मात्र तो जवळजवळ नाहीसाच झाला होता.

उदयसिंहांच्या ऑफिसात टेबलाभोवती त्यांचे सगळे सुपरवायझर बसले होते. शाजियाने आवाज कुणाचा ते न सांगता दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली, आधी शहरी मराठीतलं, मग गावच्या बोलीतलं.

"पहिली मुलगी छान आहे," उदयसिंह म्हणाले. "दुसरी हुशार वाटते, पण तिला कस्टमरसमोर कशी बसवणार? आधी बोलायला शिकवावं लागेल. पहिलीलाच सांगा, शिकव म्हणावं तिला."

सगळे हसले. स्नेहल उठून उभी राहिली. आवाज जिन्याखालचाच निघाला.

"साएब, ती दुसरी मीच हाय. नि पयली पन मीच."

उदयसिंहांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे.

"आता तुमीच सांगा," ती म्हणाली, "दुसरीचा काय चुकला? कनची गोष्ट तिनं नाय केली?"

उदयसिंहांनी दुसरीचं उत्तर मनात पुन्हा तपासलं. माणूस सरळ होता म्हणून मान्य करून मोकळा झाला. "काहीच चुकलं नाही. पण मी पहिलीलाच घेतलं असतं."

मग स्नेहलने सगळे आकडे समजावले, तेही त्याच भाषेत, एकदाही अडखळली नाही. सुपरवायझरांपैकी एक गावाकडचाच होता. तो आधी खाली मान घालून बसला होता, शेवटी शेवटी "बरोबर हाय, बरोबर हाय" म्हणायला लागला. उदयसिंहांनी शब्द पाळला. पुढच्या भरतीत 'स्वतःबद्दल सांगा' बंद, आधी कामाचे प्रश्न, सगळ्यांना तेच.

"साहेब, माझी एक बहीण..." स्नेहलने तोंड उघडलं, तसा शाजियाने टेबलाखालून सणसणीत पाय मारला. बाहेर आल्यावर म्हणाली, "भेदभावावर भाषण देऊन वर वशिला लावतेस? तिला अर्ज करू दे की सगळ्यांसारखा!"

दिपिकाला तिथे अर्ज करायला लावण्यात स्नेहलचे आठ दिवस गेले. दिपिकाच्या मुलाखतीच्या दुपारी स्नेहल कॉलेजात भरल्या वर्गात बसली होती, सर अजून यायचे होते. फोन वाजला. ती सवयीने अर्धी उठली, मग पुन्हा खाली बसली आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, "हां गो दिपे, बोल. काय इचारला?"

पुढच्या बाकावरच्या दोघी वळून पाहू लागल्या. शाजियाने त्यांना हाताने पुढे बघा म्हणून खुणावलं.

"गारी चुकीच्या गेटवर लागली तं काय करशील, येवराच इचारला," दिपिका म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा टणक लागत होता. "मंग मी सांगत गेले नि ते लिवत गेले."

"घेतला का मंग?"

"ते आजून नाय सांगला. पन ताई, या टायमाला कोनी मदी थांबवला नाय. माजा पुरा ऐकला."