एक जूनची बाटली

आमच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घातलं. एक जून. शाळेत नाव घालायला गेलो तर अव्वाला, माझ्या आईला, तारीख कुठली ठाऊक? ती म्हणाली, "हुरड्याच्या दिवसात झाला बघा. कणसं भाजायच्या आगटीचा धूर अजून माझ्या लुगड्याला होता, अन् हा झाला." गुरुजींनी मान हलवली आणि लिहिलं, एक जून. माझ्या मागं तय्यब उभा होता. त्यालाबी एक जून. म्हणून निलंग्यात त्या तारखेला अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतो, आणि खरा एकाचाबी नसतो.

मी रामलिंग. तीस वर्षं निलंगा डेपोची एसटी चालवली, आता रिटायर. माझं नाक डेपोत मशहूर होतं. ब्रेकचं लायनर तापलं की मेकॅनिकच्या आधी मला कळायचं. घरी तर विचारूच नका. उंबऱ्यात पाय ठेवला की मी सांगायचो, "वरणात हिंग जास्ती झालाय." शिवकांता, माझी बायको, हातातलं उलथनं उगारायची. "जेवायला आलात का तपासणीला आलात?" ती चिडायची आणि मला लई बरं वाटायचं. आमचा सगळा संसार माझ्या नाकावर अन् तिच्या जिभेवर झाला.

मग मला कोरोना झाला. मी वाचलो, पण वास गेला. लातूरचा डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. कवा येईल ते काय तो बोलला न्हाई. चार वर्षं झाली. जेवण म्हणजे नुसतं चावायचं काम झालं. शिवकांता पहिल्या पहिल्यांदा विचारायची, "कसं झालंय?" मी म्हणायचो, "छान." तिला कळायचं की मी खोटं बोलून राहिलो. मग तिनं विचारणंच सोडलं.

तिची नजरबी अधू झाली असावी, कारण माझ्या ताटात रोज एक भाकर काळी पडलेली असायची. दिसायचं मला. पण थकली बिचारी, तिला कशाला बोलायचं, म्हणून मी गप खायचो. ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहायची. त्या बघण्याची मला भीती वाटायची. घरात दोनच माणसं आणि बोलायला काही न्हाई, ह्याच्याइतकं वाईट काही नसतं. मला वास पाहिजे होता तो जेवणासाठी न्हाई. मला माझी भांडखोर बायको परत पाहिजे होती.

यंदा एक जूनला लेक आली, तनुजा. ती पुण्याला कंपनीत असते, कामानं स्कॉटलंडला जाऊन आलेली. पिशवीतून खोका काढला, खोक्यातून बाटली. आत मधाच्या रंगाचं काहीतरी हालत होतं.

"अप्पा, हॅपी बर्थडे. स्कॉच हाय, सोळा वर्षांची."

देव्हाऱ्यापुढनं शिवकांता कडाडली, "तनुजा! गळ्यात इष्टलिंग असणाऱ्यांच्या घरात दारू? अक्कल गहाण ठेवून आलीस काय गं!"

"अव्वा, प्यायला न्हाई आणली. अप्पांच्या नाकाला आणली." मग तिनं सगळं सांगितलं. तिकडं समुद्राच्या कडेला दलदलीतली माती कापून वाळवतात, ती जाळून तिच्या धुरावर धान्य सुकवतात, त्याची दारू करतात आणि लाकडी पिपात वर्षानुवर्षं झोपवून ठेवतात. जुनी माणसं ग्लास हातात घेऊन अर्धा अर्धा तास नुसता वास घेत बसतात. "मी नाक लावलं आणि मला आपल्या शेतातला हुरडा आठवला. तिथंच रडायला आलं मला. म्हणलं, अप्पांचं नाक उठलं तर ह्यानंच उठेल."

शिवकांता बाटलीकडं लई येळ बघत राहिली. मग म्हणाली, "ओसरीवर ठिवा. आत आणायची न्हाई." आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

मी ग्लासात नाक घातलं. नुसतं झोंबलं, बाकी काही न्हाई. तेवढ्यात तय्यब पेढे घेऊन आला. चौकात त्याचं अत्तराचं दुकान हाय, बापाच्या वेळेपासूनचं. पेढा माझ्या तोंडात कोंबून म्हणाला, "मुबारक हो, जुडवा भाई." मग ग्लास बघितला आणि दोन पावलं मागं सरला. "मी हात लावणार न्हाई बे. पण चालत आलेला वास कोण अडवतो?" डोळे मिटून त्यानं लांबूनच श्वास ओढला.

"चीज भारी हाय," तो म्हणाला. "पण तू म्हशीवानी तोंड काय घालून राहिलास? अशी चीज अंगाला लावायची. अंगाची गर्मी लागली की ती बोलती."

खिशातून कापूस काढून त्यानं फाया वळून दिला. मी तो दारूत बुडवला, पिळला आणि कानात ठेवला. सोळा वर्षं झोपवलेली विलायती दारू, आणि आम्ही ती उरुसाला हिना अत्तर लावावं तशी लावली! तनुजानं कपाळावर हात मारला. "अप्पा, तिकडची माणसं बघून चक्कर येऊन पडतील!"

"पडू दे की," तय्यब म्हणाला.

तनुजा दुसऱ्या दिवशी गेली. आमचं मात्र रोजचं झालं. ऊन कललं की तय्यब यायचा, मी फाया लावायचो, आणि तो चिठ्ठी वाचून दाखवावी तसा मला वास सांगायचा. "पहिले पिकून गळालेलं फळ. मग थोडी विलायची. थांब, घाई नक्को. आता लाकूड. आणि आता बघ, धूर आला." मी डोळे मिटून ऐकायचो. मला आमचं शेत दिसायचं, गोवऱ्यांच्या आरातली कणसं दिसायची. अव्वा गरम कणीस तळहातावर चोळायची, हिरवे दाणे माझ्या ओंजळीत पडायचे, आणि मी इतका लहान असायचो की ओंजळ चार दाण्यांत भरायची. ते आठवून राहिलं का त्याचा वास येऊन राहिला, मला उमजत नव्हतं. उठूच नये असं वाटायचं.

स्वयंपाकघरातनं शिवकांता रोज विचारायची, "आला का?"

"न्हाई."

मग भांडी जरा जोरात वाजायची.

विसेक दिवस असे गेले. एका दिवशी तय्यब उदगीरला लग्नाला गेला होता. मी एकटाच फाया लावून खुर्चीत बसलो आणि डोळा लागला. धूर आला. आगटी, अव्वाचं लुगडं, तिच्या हाताची ऊब. मी त्यात पडून राहिलो. पण हा धूर वाढत गेला, कडू झाला, नाकात घुसला. मी दचकून उठलो. फाया काढून अंगणात भिरकावला. धूर होताच.

"शिवकांता!" मी ओसरीवरनंच वरडलो. "भाकर करपली की गं! लक्ष कुठं हाय तुझं?"

आत उलथनं खाली पडलं. मी पळत आत गेलो.

तव्यावर भाकर कोळसा होऊन राहिली होती आणि शिवकांता पिठाचे हात तसेच धरून उभी होती. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"आता म्हणलात तेच."

"भाकर करपली. भाईरपर्यंत वास येऊन राहिला."

तिनं तवा उतरवला आणि खाली बसली. "चार वर्षं, रोज एक भाकर मुद्दाम तव्यावर ठेवून द्यायची मी. वाटायचं, आज तरी वास येईल, आज तरी वरडतील. आणि तुम्ही! जळक्या भाकरी गुमान गिळल्या, एक शब्द न्हाई तोंडातून!"

"मला वाटलं, तुझी नजर गेली."

"नजर गेली तुमची! सुईत दोरा ओवते मी अजून!" ती रडत होती, हसत होती आणि मला बोलत होती, सगळं एकदमच. चार वर्षांचं तुंबलेलं होतं ते. मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो आणि ऐकत राहिलो. मलाबी रडू आलं.

मग नाक पदराला पुसून तिनं वरणाचं पातेलं माझ्यापुढं सरकवलं. "आणि ह्यात?"

मी वाकलो. थांबलो. घाई केली न्हाई.

"हिंग जास्ती झालाय," मी म्हणालो.

तिनं खाली पडलेलं उलथनं उचललं आणि उगारलं.