मोर्णाचा शिक्का

अकोल्याच्या एमआयडीसीत तंबाखू ओढायचे लाकडी पाइप बनवणारा एक छोटा कारखाना आहे. माल सगळा परदेशी जातो, त्यामुळे गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. दुर्गाबाई तिथं बावीस वर्षं माल निवडायचं काम करत होत्या. पाइप खिडकीच्या उजेडात धरायचा, अंगठा फिरवायचा, दांडीतून बारीक तार घालून पाहायची. निर्दोष निघाला तर त्यावर ‘काटेपूर्णा’चा शिक्का. लाकडात खड्डा निघाला तर तो पुट्टीनं भरायचा, वरून गडद रंग द्यायचा आणि ‘मोर्णा’चा शिक्का मारायचा. कारागीर तेच, लाकूडही तेच. पण मोर्णाच्या डब्यावर कारखान्याचं नाव नसायचं आणि किंमत निम्म्याहून कमी.

लाकूड म्हणजे बाहेरून येणाऱ्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. आत कुठं खडा आहे, कुठं पोकळी आहे, हे कापल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे सेकंड माल निघाला म्हणून कुणी कुणाला बोलत नसे. सोबतच्या चिठ्ठीवर दुर्गाबाईंनी कारण लिहायचं, ‘लाकूड’ किंवा ‘हात’. ‘हात’ लिहायची वेळ वर्षातून दोन-चारदाच यायची.

लेथवर पुंजाजी होते. मूळचे भातकुलीचे, वय एकसष्ट. इथल्या प्रत्येकाला ड्रिल धरायला त्यांनीच शिकवलेलं. गेल्या दिवाळीनंतर एकदा दुर्गाबाईंनी त्यांच्या पाइपात तार घातली, तर ती तंबाखू भरायच्या वाटीच्या तळाशी निघायच्या ऐवजी वर, एका बाजूला निघाली. त्यांनी पुन्हा घालून पाहिली. तेच. भोक वाकडं गेलं होतं. त्यांनी पुंजाजींकडे बघितलं. ते मान खाली घालून काम करत होते. पाइपावर एक बारीकसा खड्डाही होता. दुर्गाबाईंनी चिठ्ठीवर ‘लाकूड’ लिहिलं आणि मोर्णाचा शिक्का मारला.

पुढच्या आठवड्यात तसे तीन निघाले. मग रोजच निघू लागले. कधी खड्डा असे, कधी नसे. चिठ्ठीवर मात्र ‘लाकूड’च असे. संध्याकाळी ऑटोत बसल्यावर डोळे मिटावेसे वाटायचे, पण मिटले की ती वर निघणारी तारच दिसायची.

मे महिन्यात मालक रविकांत एक खोकं घेऊन त्यांच्या टेबलाशी आले.

“दुर्गाबाई, मोर्णा परत आलाय. खड्ड्याची तक्रार नाही, ते त्यांना माहीत असतं. ओढलाच जात नाही म्हणतात. तंबाखू तळाशी ओली राहते.”

दुर्गाबाईंनी खोक्याचं झाकण उघडलं.

“लाकूडवाल्याशी सहा महिने भांडतोय मी. तो म्हणतो, बाकी कुणाची तक्रार नाही. मला वाटतं मोर्णा बंदच करावा. सेकंड माल सरळ भट्टीत. नाव तरी खराब होणार नाही.”

पुट्टीच्या टेबलावर दामिनी आणि आणखी दोघी बसायच्या. तिघींचे हात थांबले होते; मोर्णा बंद झाला तर पुट्टीचं कामच उरणार नव्हतं.

“साहेब,” दुर्गाबाई म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत थांबा. मले पाहू द्या.”

जेवणाच्या सुट्टीत पुंजाजी लिंबाखाली डबा सोडून बसले होते. दुर्गाबाईंनी परत आलेल्यांतला एक पाइप आणि तार त्यांच्यापुढे ठेवली.

“भाऊ, जरा घालून पाहा.”

पुंजाजींनी भाकर बाजूला ठेवली, हात पुसले आणि तार घातली. वाटीत डोकावले. पाइप उन्हाकडे फिरवून पुन्हा डोकावले.

“हा मायाच आहे का?”

“हो.”

“अन् बाकीचे?”

“तुमचेच आहेत सगळे.”

“केव्हापासून?”

“दिवाळीपासून.”

“मी त समजलो, लाकूड खराब येऊन राहिलं.” त्यांनी उजवा हात उलटा करून पाहिला. बोटं बारीक थरथरत होती. “चिठ्ठीवर तुमी तसंच लिहून राहिल्या होत्या न.”

दुर्गाबाईंनी मान डोलावली. पुंजाजींनी उरलेली भाकर तशीच डब्यात टाकली, झाकण लावलं आणि उठले. ते नळाकडे जातील असं दुर्गाबाईंना वाटलं, पण ते सरळ रविकांतच्या खोलीत गेले. मग दुर्गाबाईही मागोमाग गेल्या.

पुंजाजींनी सगळं सांगितलं. रविकांत त्यांना काही बोलले नाहीत. दुर्गाबाईंवर मात्र संतापले.

“तुमच्या एका शब्दावर मी लाकूडवाल्याला खोटं पाडत बसलो! काहीच कसं नाही सांगितलंत?”

“चुकलं साहेब,” त्या म्हणाल्या.

मोर्णा बंद झाला नाही. वाकड्या भोकाचा सगळा माल शोधून भट्टीत घातला गेला. लेथ दामिनीला मिळाली. पुंजाजींना पुट्टीच्या टेबलावर बसवलं. आणि दुर्गाबाईंच्या चिठ्ठ्या आता रविकांतची बायको अनुपमा दुसऱ्यांदा तपासायची. ती नम्रपणे विचारायची, “बघू का हो जरा?” आणि दुर्गाबाई चिठ्ठ्यांची पेटी पुढे सरकवायच्या. बावीस वर्षांत त्यांच्या चिठ्ठीला कुणी हात लावला नव्हता.

पुंजाजी त्यांच्याशी बोलेनासे झाले. टेबलं शेजारी, तरी नजर वर करायचे नाहीत. चहा आला की कप घेऊन दाराशी जायचे. त्यांना समजावायचंही बळ दुर्गाबाईंमध्ये नव्हतं. आपण त्यांना सांभाळून घेतलं, हे त्यांना कधीतरी कळेल, एवढंच त्या मनाशी म्हणत.

बारा-पंधरा दिवसांनी, दुपारी, पंखे बंद पडले. लेथही थांबली. त्या शांततेत पुंजाजी पुट्टी घोटता घोटता म्हणाले, “दुर्गाबाई, तेव्हाच काहून नाही सांगतलं?”

“तुमाले वाईट वाटलं असतं भाऊ.”

“वाटलं असतं. दोन दिवस.” त्यांनी खड्ड्यात पुट्टी दाबली, अंगठ्यानं सपाट केली. “मी दिवाळीतच लेथ सोडली असती. सहा महिने उगाच उभा राहिलो. माये पाय लय दुखत होते.”

दुर्गाबाईंनी खाली पाहिलं. स्टुलावर बसलेल्या पुंजाजींनी चपला काढून पाय लांब केले होते; घोटे सुजलेले होते. वीज यायला बराच वेळ लागला. तोवर दोघं खिडकीच्या उजेडात काम करत राहिले.